फोटोतला बंद पंखा

रायपूरजवळच्या बीरगांवच्या त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हिरालाल मेश्रामविषयी एकच गोष्ट सर्वांना मान्य होती, ती म्हणजे तो विमानाला हात दाखवतो. कशासाठी दाखवतो, यावर मात्र नळावर रोज नवी माहिती मिळायची. "चौकातला हवालदार ट्रक थांबवते ना, तसा हा विमान थांबवते," असं विमला सांगायची. विमलाचा नवरा ट्रक चालवायचा, त्यामुळे हवालदार या विषयात तिचा शब्द शेवटचा. "फरक एवढाच, का ट्रकवाला उतरून चहापानी इचारते, अन् विमानवाला याच्याकडं वळून पाहत नाई. मनून त याच्या बायकोच्या, सरिताच्या घरावर अजून टिनाच हायेत."

हिरालालच्या कानावर हे जायचं आणि तो हसायचा. त्याचा बाप तुमसरकडून येऊन शेजारच्या उरला गावातल्या कारखान्यात भट्टीपाशी लागला होता. भट्टीनं बापाचे डोळे कायमचे लाल केले आणि पाऱ्यानं त्या लालीचं भलतंच कारण ठरवून टाकलं. ते बघून हिरालालनं पोरवयातच ठरवलं होतं, की आपण काम करू तर मोकळ्या हवेत. मोकळी हवा त्याला मिळाली. मे महिन्यातल्या रायपूरच्या उन्हात, सिमेंटच्या भल्याथोरल्या पटांगणावर, विमानाच्या गरम फुफाट्यासमोर उभं राहायचं, म्हणजे भट्टीच ती, फक्त छप्पर काढलेली.

विमानतळावरच्या एका खाजगी कंपनीत तो आधी सामान चढवायचा, मग विमानाच्या चाकांना ठोकळे लावायला लागला, आणि पुढे त्याच्या दोन्ही हातांत त्या रंगीत फळ्या आल्या. अंगात पिवळं जाकीट, कानांवर आवाज अडवणारी डबडी, आणि नाकासमोर विमान. घरात ज्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नव्हतं, त्याच्या हातांकडे पायलट डोळे लावून बसायचा. ये म्हटलं की यायचा, वळ म्हटलं की वळायचा, आणि डोक्यावर हातांची फुली केली की जागच्या जागी थांबायचा. एवढा मान ज्याला दिवसभर मिळतो त्याला घरी भाजी वाढून घ्यायला किती जड जात असेल!

तिथे आवाजात बोलणं फुकट जातं म्हणून सगळं हातांनी. ती खोड घरातही शिरली. पोळी हवी असली की हात हलवायचा, पुरे झाली की फुली.

"अजी, तोंड हाय ना तुमाले?" सरिता म्हणायची. "मी काय विमान आहो काय?"

"तू विमान असती त एकदा सांगून आयकली असती," हिरालाल म्हणायचा, आणि मग त्या दिवशी चहा मिळायचा नाही.

त्याची दुसरी खोड मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. फिरणाऱ्या वस्तूची त्याला धास्ती. उसाच्या रसाची गाडी असो, पिठाच्या गिरणीचा पट्टा असो, हा लांबून वळसा घालून जायचा आणि बरोबरच्याला दंड धरून ओढायचा. गोल बाजारात एकदा त्यानं एका अनोळखी बाईचा पदर मागून धरला होता, का तर ती रसाच्या चरकाजवळ वाकली होती. त्या बाईनं जे सुनावलं ते सरिताला तीन गल्ल्या पलीकडून येऊन चौघींनी सांगितलं, प्रत्येकीनं आपापली भर घालून.

कारण पाऱ्याला ठाऊक नव्हतं. नोकरी नवी असताना त्यानं एक घार पाहिली होती. छोट्या विमानाचा पंखा जोरात फिरायला लागला की पाती दिसेनाशी होतात, नुसती धुरकट हवा दिसते, तीसुद्धा बघणाऱ्याला माहीत असेल तर. घार त्या हवेतून पलीकडे निघाली होती. ती होती, आणि मग नव्हती. विमानाच्या आवाजात फरकसुद्धा पडला नाही. त्या दिवसापासून हिरालाल नव्या लोकांना एकच सांगायचा: दिसतो तो पंखा बंद, दिसत नाही तो चालू.

तर अशा या हिरालालची मुलगी मोनाली. तिचं प्रशिकशी जमत आलं होतं. प्रशिक वीज खात्यात, पोरगा सरळ, नाकासमोर चालणारा. अडचण ही, की त्याच्या नाकासमोर त्याची आजी होती.

अंजनाबाई! महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना निवडून कोणी दिलं हे मंडळातही कोणी खात्रीनं सांगू शकलं नसतं, पण उतरवायची हिंमत कोणाची नव्हती. सगळा पारा त्यांना 'माय' म्हणायचा. मायची ख्याती अशी की आयुष्यात त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. कार्यक्रमात पाहुण्यांना हार घालायला समोरून बायकांची रांग लागायची, आणि माय मांडवाच्या मागून, कनातीखालून वाकून, थेट मंचाच्या पाठीमागे प्रकटायच्या. पहिला हार त्यांचा. पहिला फोटो त्यांचा. रांगेतल्या बायका हात उंचावून उभ्याच. वीस वर्षं बायका चरफडत होत्या आणि वीस वर्षं समोरूनच रांग लावत होत्या.

उन्हाळ्यात समाजाचे एक मोठे पाहुणे रायपूरला यायचे ठरले, लहानशा भाड्याच्या विमानानं. मायनं हिरालालला बोलावणं धाडलं.

"पाव्हण्यायले शाल मी विमानाच्या पायरीवरच घालीन. बाहेर गर्दीत मले कोन पुसते?"

"माय, तिथं बाहेरच्या मानसाले..."

"बाहेरची? मी बाहेरची?" मायनं पानाचा डबा बंद केला. "अन् मोनाली मंग आमच्या घरची कशी होईन रे बावा?"

हिरालाल घरी आला तर बातमी त्याच्या आधी पोचलेली.

"पोट्टीचं जमून राहिलं, अन् तुमी मायले नियम सांगून राहिले!" सरिता म्हणाली. "काहून? विमान तुमच्या बापाचं हाय?"

पास हिरालालनं मिळवले नाहीत. ते देणं त्याच्या हातात नव्हतंच. स्वागत समितीनं कुठूनतरी ते आणले, आणि हिरालालच्या कंपनीचे साहेब शिशिर यांनी मान डोलावली. हिरालालच्या वाट्याला काम आलं ते या मंडळींना पिवळ्या रेघेमागे उभं ठेवायचं. आदल्या संध्याकाळी विहारात त्यानं सगळ्यांना बसवून समजावलं. विमानावर लाल दिवा लुकलुकत असेल तोवर रेघ ओलांडायची नाही. मी डोक्यावर फुली केली तर जागच्या जागी थांबायचं.

"लाल दिवा मले शिकवू नोको," माय म्हणाल्या. "दिवा लागला मंजे पाव्हना मोठा हाय."

सगळे हसले. हिरालालही हसला. व्याही होणाऱ्या घरातल्या म्हातारीच्या विनोदाला न हसण्याइतका तो मोठा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की सिमेंटवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत होती. विमान आलं, हिरालालच्या हातांकडे बघत बघत थांबलं. दाराच्या बाजूचा पंखा मंदावला, पाती दिसायला लागली, थांबली. पलीकडचा मात्र थांबेना. पायलटनं वरून बोटानं खूण केली, की तो चालूच राहणार. पाहुण्यांना उतरवून विमानाला लगेच जगदलपूरला जायचं होतं.

हिरालाल धावत शिशिरसाहेबांकडे गेला, कानावरचं डबडं बाजूला करून ओरडला, "साहेब, लोक आत आहेत! दोन्ही बंद करायला सांगा!"

"अरे हिरालाल, पाहुण्यांचं विमान आहे," साहेब त्याच्या कानात म्हणाले. "आपण कोण सांगणार? लोक या बाजूला आहेत, पंखा त्या बाजूला आहे. दोन मिनिटांचा तर प्रश्न."

हिरालाल परत विमानाच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दार उघडलं. पायरी खाली आली. मंडळींनी रेघेमागे छान रांग केली, आणि ऐनवेळी समितीचे दोन पुढारी रांगेच्या तोंडाशी घुसले. माय शेवटच्या पडल्या. पांढरं शुभ्र लुगडं, हातात गोल बाजारातून आणलेली शाल, आणि समोर पुढाऱ्यांच्या पाठी.

मायनं एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा विमानाकडे. हिरालालला ती नजर ओळखीची होती. वीस वर्षं मांडवात पाहिलेली.

माय निघाल्या. सगळ्यांचे डोळे दाराकडे असताना त्या रेघ ओलांडून, नाकाला वळसा घालून, विमानाच्या पलीकडच्या अंगाला. तिकडून पंखाला धरून शेपटीमागून फिरलं की थेट पायरीशी. वाट अगदी मोकळी होती. तिथे कोणीच उभं नव्हतं, आणि का नव्हतं हा प्रश्न मायला कधीच पडला नव्हता.

हिरालालनं हात उंचावून फुली केली. मायनं पाहिलं, हसल्या, मान लववली. ("मले वाटलं पोट्टा हात वर करून जयभीम करून राहिला," त्या पुढे सगळ्यांना सांगत.) तो ओरडला. आपला आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. गळ्यावरून हात फिरवून त्यानं पायलटला बंद करायची खूण केली. ज्याचे डोळे एरवी या हातांवरून हलत नसत, तो पायलट नेमका मागे वळून पाहुण्यांची बॅग देत होता. माय चालत होत्या. त्यांच्यापुढे धुरकट हवा होती. हवेपलीकडे विमानाचा पांढरा पत्रा स्वच्छ दिसत होता.

चालू पंख्याकडे धावायचं नाही, कोणी जात असलं तरी नाही. हे हिरालालच इतरांना शिकवायचा. त्यानं फळ्या टाकल्या आणि धावला. मायला कमरेतून विळखा घालून त्यानं बाजूला झोकून दिलं आणि दोघं सिमेंटवर आपटले. शाल वाऱ्यानं गवतात गेली. माय मनगटावर पडल्या.

पायलटनं खाली पाहिलं आणि पंखा बंद केला. पण लोक पाहुण्यांना हार घालण्यात, पाहुण्यांचे फोटो काढण्यात गुंतले होते, आणि पाहुणे गाडीत बसेपर्यंत कोणाची नजर हलली नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की माय दिसत नाहीत. ते धावत पलीकडे आले तेव्हा पंखा थांबलेला होता, पाती नीट मोजता येत होती, आणि हिरालाल समाजाच्या ज्येष्ठ बाईच्या अंगाशेजारी धापा टाकत पडला होता.

"पंखा... चालू होता," तो म्हणाला.

सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

पायलट खिडकीतून हिरालालकडे बघून हात जोडत होता. चेहरा पांढराफटक. त्यानं तरी सांगितलं असतं, पण शिशिरसाहेबांनी सगळ्यांना घाईघाईनं बाहेर काढलं, आणि थोड्या वेळानं तो एकुलता एक साक्षीदार जगदलपूरकडे उडाला. साहेबांनी हिरालालला बाजूला घेतलं. "हे बघ, काही झालेलं नाही. बाई घसरून पडल्या. चालू पंख्याजवळ बाहेरची माणसं होती असं निघालं, तर आधी तू जाशील, मग मी." पुढे म्हणाले, "तू बरं केलंस हो," पण ते इतक्या हळू म्हणाले की ते ऐकायला साक्षीदार लागला असता.

संध्याकाळी फोटो आला. यशदीप समाजाचा हौशी फोटोवाला, सगळ्या कार्यक्रमांत मोबाइल वर धरून फिरणारा. त्यानं विमानाच्या नाकाजवळून एक फोटो मारला होता, आणि त्यात योगायोगानं सगळं होतं: हिरालालचा विळखा, मायचे हवेतले पाय, आणि पलीकडचा पंखा. प्रत्येक पातं वेगळं, स्वच्छ, टोकाच्या रंगीत पट्ट्यासकट. अगदी थांबलेला पंखा.

फोटो पाऱ्यातल्या मोबाइलमोबाइलवर फिरला. "भैया, कॅमेरा झूठ थोडी बोलता है," यशदीप म्हणाला. त्याचंही खरं. कडक उन्हात मोबाइल पापणी लवायच्या कितीतरी आधी फोटो टिपून मोकळा होतो आणि फिरतं पातं जागच्या जागी गोठतं, हे ना त्याला ठाऊक होतं ना पाऱ्याला. हिरालालला तर नाहीच. त्याला एवढंच कळत होतं, की त्यानं जे पाहिलं नाही ते फोटोत दिसतंय.

नळावर निकाल लागला. विमला म्हणाली, पासावरून जुना राग होता, काढला. दुसरी म्हणाली, उन्हानं डोकं फिरलं. तिसरीनं रसाच्या चरकाजवळच्या त्या अनोळखी बाईची आठवण काढली, आणि मग तर बोलायलाच नको!

हिरालालनं पुरावा द्यायचा ठरवला. चार लोकांना घरी बोलावलं, टेबलफॅन जोरात लावला आणि मोनालीला म्हणाला, काढ फोटो. त्याची कल्पना, फोटोत हाही पंखा बंद दिसेल. टिनाखालच्या त्या अंधाऱ्या खोलीत मोबाइलनं आरामात फोटो घेतला, आणि फोटोत आली एक गोल, धुरकट चकती. पाती नाहीत.

"हे पाहा," विमला फोटो हातात घेऊन म्हणाली, "चालू पंखा असा येते. हिरालालभाऊ, तुमीच दाखवून देल्लं."

त्यानं बटण बंद केलं. पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले.

मायच्या घरून मोनालीसाठी येणारे निरोप थांबले. सरिता बोलेनाशी झाली, म्हणजे हिरालालशी. बाकी सगळ्यांशी तिला बोलावंच लागत होतं. शेवटी प्रशिकनं कळवलं, आजी भेटायला तयार आहे, पण मंडळाच्या बायकांसमोर.

निघताना मोनाली फाटकाशी आली. "पापा, मेरे लिए झूठ मत बोलना।"

"तू चूप बस व!" सरिता म्हणाली.

माय पलंगावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर, भोवती मंडळ. हिरालालनं हात जोडले. "माय, तुमाले लागलं. माह्यानं लागलं. माफ करा."

"हाताचं काई नाई," माय म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "हाड जुळते. पन लोक काय मनून राहिले? अंजना म्हातारी झाली, डोये गेले, चालू पंख्यात घुसत होती. आता कोन मले पुढं करीन?" त्या जरा पुढे झुकल्या. "मी काई पायलं नाई तिथं. काईच नोतं रे समोर. तू सांग. सगळ्यायसमोर सांग. पंखा बंद होता का चालू?"

हिरालालनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारी घाबरलेली होती. चालू म्हटलं तर ती मेलेली होती, आणि ते तिला मंडळासमोर ऐकायचं नव्हतं. दारात सरिता पदराचं टोक पिळत होती. प्रशिक भिंतीकडे बघत होता. हिरालालचे हात आपसूक वर निघाले, खांद्यापर्यंत आले, आणि त्यानं ते खाली घेतले.

"बंद होता, माय," तो म्हणाला. "मीच भेलो."

बायकांनी श्वास सोडला. मायनं पानाचा डबा उघडला. "आना रे चहा," त्या म्हणाल्या, "व्याही आले."

मोनाली-प्रशिकचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झोकात झालं. यशदीपनं मोठ्या पडद्यावर जोडीचे फोटो लावले, आणि मधेच, गंमत म्हणून, तोही लावला. मांडव हसून लोटपोट. माय सगळ्यांत मोठ्यानं. हिरालालही हसला. आता तर तो पुरता व्याही होता.

पावसाळा सरला आणि दुसरे पाहुणे यायचे ठरले. या वेळी मायनं हिरालालला बोलावलंच नाही. नळावर कळलं, की साठ लोकांसाठी पास मागितलेत, बायका जास्त. तो धावत गेला.

"माय, रेघेमागं राहा. दोन्ही पंखे थांबेपर्यंत..."

"पुन्हा भेला का रे?" माय लाडानं म्हणाल्या. "तूच त सगळ्यायसमोर मनला. आता बायका मले विचारतात, माय, भेव नाई ना? मी सांगतो, आमच्या व्याह्यानंच सांगितलं, काई नसते."

त्या दिवशी विमान थांबलं तेव्हा रेघेमागे पांढऱ्या लुगड्यांची आणि रंगीत साड्यांची भिंत होती. रेघ कोणी मानली नाही. हिरालाल डोक्यावर फुली करून उभा राहिला. यशदीपनं त्याचा फोटो काढला. बायका त्याच्या दोन्ही अंगांनी, हसत, वाकून जयभीम करत पुढे गेल्या, आणि तो मान वळवून वळवून पंख्यांकडे बघत राहिला. एक मंदावला. दुसरा... दुसराही मंदावला. दोन्ही थांबले. लाल दिवा विझला. या पायलटला घाई नव्हती, एवढीच काय ती गोष्ट. पुढच्याला असेल की नसेल, ते पुढचा जाणे.

माय समोरच्या रांगेत गेल्याच नाहीत. पलीकडून वळसा घालून शेपटीकडे निघाल्या होत्या, त्या वाटेत थांबल्या. बरा झालेला हात त्यांनी पंख्याच्या पात्यावर ठेवला. पातं अजून गरम असणार. दारच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशा त्यांनी दोन थापा मारल्या आणि मागच्या बायकांना दाखवून ओरडल्या, "हे पाहा व! बंदच असते!"

मग हिरालालकडे वळल्या. "काहो व्याही, खरं का नाई?"

आता इंजिनांचा आवाज नव्हता. बोललं असतं तर प्रत्येक शब्द साऱ्या पटांगणाला ऐकू गेला असता.

हिरालालची फुली अजून डोक्यावरच होती.

"हव, माय," तो म्हणाला.